फड ते कादंबरी : अण्णा भाऊ साठे यांच्या लेखनातील रूपबंधांची संगती

१

अण्णा भाऊ साठे यांच्या नावामागे ‘लोकशाहीर’ हे बिरूद इतके घट्ट बसले आहे, की पृष्ठसंख्येच्या हिशेबाने ते प्रामुख्याने कादंबरीकार होते, या साध्या वस्तुस्थितीची आठवण करून द्यावी लागते. १९२० साली अविभक्त सातारा जिल्ह्यातील वाटेगाव येथे जन्मलेल्या आणि १९६९ साली मुंबईत निधन पावलेल्या या लेखकाने पोवाडे, लावण्या, छक्कड, वग, नाटक, कथा, प्रवासवर्णन असे नाना प्रकार हाताळले. आणि त्यांच्या जोडीला पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. या कादंबऱ्या बहुतांशी साहसरम्य आहेत. बंडखोर नायक, त्याचा पाठलाग, दुष्ट खोत वा सावकार, संकटात सापडलेली मानी स्त्री, योगायोगाने वळण घेणारे कथानक आणि अखेरीस न्यायाचा वा हौतात्म्याचा क्षण, ही त्यांची ठरीव सामग्री होय.

मराठी समीक्षेने या लेखनाची वाटणी तीन कप्प्यांत केलेली दिसते. शाहिरी वाङ्मय लोकसाहित्याच्या अभ्यासकांकडे गेले. ‘फकिरा’ ही एकच कादंबरी दलित व ग्रामीण साहित्याच्या चर्चेत मानाने बसविण्यात आली. उरलेल्या तीसेक कादंबऱ्या कोणाच्याच वाट्याला आल्या नाहीत. त्यांना रंजनप्रधान म्हणून नावापुरते उल्लेखायचे आणि पुढे जायचे, असा प्रघात पडला. या वाटणीत गैर असे काही नाही, असे वरवर पाहता वाटेल. एकाच लेखकाचे सगळे लेखन सारख्या तोलाचे असते असे नाही, आणि अण्णा भाऊंचे तर नाहीच. परंतु या वाटणीमुळे एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. ज्या लेखकाला फडाचे व्यासपीठ वश होते, हजारोंचा श्रोतृवर्ग ज्याच्यासमोर प्रत्यक्ष बसत होता, त्याला कादंबरीची गरज का भासली? आणि कादंबरी लिहिताना त्याने नेमका हाच, समीक्षेच्या दृष्टीने हलका समजला जाणारा, साहसरम्य प्रकार का निवडला?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अण्णा भाऊंच्या लेखनातील प्रकार हे एकामागून एक आलेले ‘टप्पे’ नाहीत. प्रत्येक प्रकार म्हणजे ‘कोण ऐकतो आहे, कोणाच्या आधाराने बोलतो आहोत आणि काय बोलण्याची मुभा आहे’ या प्रश्नांना दिलेले वेगवेगळे उत्तर आहे. एका प्रकारात जे बोलता आले नाही ते दुसऱ्यात बोलले गेले, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ही मुभा आणि ही किंमत एकत्र वाचली नाही, तर गौरव आणि उपेक्षा दोन्ही सारख्याच आंधळ्या ठरतात.

२

साताऱ्याच्या मुलखातील एका घटनेपासून प्रारंभ करणे सोयीचे होईल. ९ सप्टेंबर १९४२ रोजी खटाव तालुक्यातील वडूज येथे कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण त्यात बळी पडले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली याच जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. शाहिराला याहून अधिक जवळचा, याहून अधिक पोवाड्याजोगा विषय कोणता असणार?

पण अण्णा भाऊंनी १९४३ साली ज्या पोवाड्याने नाव मिळवले तो होता ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’. वडूजला गोळ्या झडल्या त्या सुमारास व्होल्गेच्या काठी ती लढाई नुकतीच पेटली होती. अण्णा भाऊ मुंबईच्या कामगार वस्तीत, कम्युनिस्ट चळवळीत वाढलेले शाहीर होते. आणि त्या चळवळीने १९४२ मध्ये लोकयुद्धाची भूमिका घेऊन ‘चले जाव’ आंदोलनापासून स्वतःला दूर ठेवले होते. व्यक्ती म्हणून अण्णा भाऊंचे मन तेव्हा कोठे गुंतले होते, हा चरित्रकारांचा प्रश्न आहे. आपल्यापुरता मुद्दा रूपबंधाचा आहे. पोवाडा हा एकट्याने, मनात गाण्याचा प्रकार नव्हे. त्याला डफ लागतो, झील धरणारे साथीदार लागतात, मैदान लागते, आणि ते मैदान मिळवून देणारी संघटना लागते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह उभे राहिलेले ‘लाल बावटा कलापथक’ हे अशा सामूहिकतेचेच फळ होते. ‘बंगालची हाक’, ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’, ‘महाराष्ट्राची परंपरा’ या रचनांत शाहिराचा आवाज आणि व्यासपीठाचा आवाज वेगळा काढता येत नाही. काढण्याचे कारणही नाही, कारण त्या एकजीवपणातच त्यांचे सामर्थ्य आहे.

परंतु जे व्यासपीठाला गाता येत नाही ते शाहिरालाही गाता येत नाही, हा त्याच सामर्थ्याचा दुसरा अर्थ होय. बेचाळीसचा आपल्या खोऱ्यातील लढा अण्णा भाऊंनी पुढे विस्ताराने हाती घेतला तो ‘वारणेच्या खोऱ्यात’ या कादंबरीत. यथावकाश राजकारणातील ते अंतरही मिटले. १९५७ मध्ये नाना पाटील लोकसभेवर निवडून गेले ते कम्युनिस्ट पक्षातर्फेच. तथापि, अण्णा भाऊंच्या लेखनातील रूपबंधांची विभागणी समजण्यासाठी हा नमुना उद्बोधक आहे. कादंबरीला साथीदार लागत नाहीत. तिला लागतो तो एक वाचक, आणि त्याच्यापर्यंत पुस्तक नेणारा प्रकाशक. फडाने त्यांना आवाज दिला. कादंबरीने एकट्याने बोलण्याची मुभा दिली.

३

वगाकडे वळले असता हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. वाटेगावपासून फार दूर नसलेले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग ही तमाशाची मांडणी या परिसराच्या अंगवळणी पडलेली होती. अण्णा भाऊंनी ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ या वगांत ती मांडणी घेतली आणि तिच्यात दोन महत्त्वाचे फेरफार केले. गणात गणेशाऐवजी मातृभूमीला, श्रमिकांना वंदन आले. गौळण त्यांनी वगळली. देवतेची जागा श्रमाने घेतली आणि शृंगाराची जागा मोकळी ठेवली, असे या फेरफारांचे वर्णन करता येईल. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, त्या काळात ‘लोकनाट्य’ या नावाने हा प्रकार पांढरपेशा वर्तुळातही प्रतिष्ठा पावला. १९६५ मध्ये वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आले, तेव्हा त्याच्यामागे ही सगळी पूर्वतयारी होती.

गौळण वगळण्याचा निर्णय नैतिक आणि राजकीय दृष्ट्या समजण्याजोगा आहे. फडावर स्त्रीचे नाचणे आणि प्रेक्षकांनी दौलतजादा करणे, या व्यवहारातील शोषण अण्णा भाऊंना जवळून ठाऊक होते. पण त्या निर्णयामुळे तमाशातील स्त्रीच वगाबाहेर पडली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वगाने जिला बाहेर ठेवले ती कादंबरीत मध्यभागी येऊन बसली. ‘वैजयंता’ ही तमाशा-कलावंतिणीच्या मुलीची कादंबरी आहे. नाचणे हा जिचा पोटाचा धंदा आहे, तिला माणूस म्हणून मान कसा मिळेल, हा तिचा प्रश्न आहे. वगाच्या व्यासपीठावर हा प्रश्न उभा करणे अवघड होते, कारण प्रश्नच त्या व्यासपीठाविषयीचा होता. ज्या रंगमंचावर उभे राहायचे त्याच्याकडे बाहेरून पाहण्यासाठी दुसरा प्रकार लागतो. अण्णा भाऊंच्या लेखनात कादंबरी हे असे पाहण्याचे ठिकाण झाले.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘वैजयंता’, ‘चित्रा’, ‘आवडी’ यांसारख्या कादंबऱ्यांतील नायिका आदर्शीकृत आहेत. त्यांचे शील अभंग राहील याची लेखक डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. म्हणून हे ‘पाहणे’ अपुरेच ठरते. आक्षेप खरा आहे. बाजारात ढकलल्या गेलेल्या स्त्रीची बाजू घेताना तिला निष्कलंक ठेवल्याशिवाय वाचकाची सहानुभूती मिळणार नाही, हे रंजनप्रधान कादंबरीचे गृहीतक अण्णा भाऊंनी मोडले नाही. म्हणजे प्रश्न त्यांचा होता, उत्तर मात्र त्या प्रकाराचे होते. त्यांच्या कादंबऱ्यांतील ताण बऱ्याच अंशी या विसंगतीतून निर्माण होतो.

४

‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीची थोरवी मान्य करतानाही समीक्षा बहुधा तिला तिच्या प्रकारापासून तोडून घेते. जणू ती साहसकथा असूनही चांगली आहे. वस्तुतः ती साहसकथा आहे म्हणूनच तिला जे म्हणायचे ते म्हणता आले.

कादंबरीचा आरंभ फकिरापासून होत नाही. त्याचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावला आणतो आणि त्यात प्राण गमावतो, या प्रसंगाने ती सुरू होते. गावाचा मान राखण्यासाठी गावकुसाबाहेरचा माणूस जीव देतो, हा या आरंभातील विरोधाभास पुढच्या सगळ्या कथानकाला व्यापून राहतो. पुढे दुष्काळ येतो, मांग-महारांच्या वस्त्यांत माणसे भुकेने मरू लागतात, आणि फकिरा व त्याचे साथीदार धान्य लुटून ते वाटतात, नंतर खजिन्यावर हात घालतात. सरकार पाठलाग करते. अखेरीस आप्तांचा छळ थांबावा म्हणून फकिरा आपण होऊन सरकारसमोर हजर होतो. शौर्य, लूट, पाठलाग, मैत्री, आत्मार्पण, असा साहसकथेचा संपूर्ण आलेख येथे आहे.

योगायोग असा, की ज्या १९५९ साली ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी एरिक हॉब्सबॉम या ब्रिटिश इतिहासकाराचा आदिम बंडखोरांवरचा ग्रंथ निघाला, आणि अण्णा भाऊ वारले त्या १९६९ साली त्याचा दरोडेखोरांवरचा ग्रंथ आला. ‘सामाजिक दरोडेखोर’ ही त्याची संकल्पना फकिराला लावून पाहण्याचा मोह होतो. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा, शेतकरी समाजाने आपला मानलेला आणि राज्यसंस्थेने गुन्हेगार ठरवलेला वीर, या वर्णनात फकिरा सहज बसतो. पण एका ठिकाणी तो बसत नाही, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. हॉब्सबॉमचा उदात्त लुटारू कायद्याबाहेर जातो तो एखाद्या अन्यायामुळे. त्याआधी तो कायद्याच्या आतला, सामान्य माणूस असतो. फकिराच्या समाजाला ‘आत’ असण्याची ही सोय उपलब्धच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या; हजेरी हे त्या ठरवण्याचे दैनंदिन रूप होते. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले. ‘फकिरा’त हजेरीचा जाच कथानकाला पुढे ढकलतो. माणूस अगोदर गुन्हेगार ठरतो आणि मग बंड करतो. साहसकथेच्या रूढ क्रमाची ही उलटापालट आहे. नायक ‘बाहेर’ जात नाही. आपण मुळातच बाहेर ठेवले गेलो आहोत, हे तो कृतीने उघड करतो.

याचा अर्थ असा, की साहसकथेचा साचा येथे रंजनासाठी लावलेला मुलामा नाही. वास्तववादी ग्रामीण कादंबरीला हा विषय पेलणे कठीण होते. कारण तिला गावगाड्याचे चित्रण आतून करावयाचे असते, आणि ते करताना बाहेर ठेवलेल्यांचे दुःख करुणेचा विषय होऊन बसते. साहसकथेत करुणेला फारसा थारा नसतो. तिच्या नायकाची कीव करता येत नाही. फकिराची कीव येत नाही, त्याचा वचक वाटतो. दलित माणसाला करुणेच्या विषयपदावरून उठवून शौर्याच्या कर्तेपदावर बसवणे, हे काम मराठीत त्या काळी याच प्रकाराने होण्याजोगे होते. ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, आणि त्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले होते. कष्टकऱ्यांच्या हातांवर जग उभे आहे, हा त्या भाषणाचा आशय सर्वश्रुत आहे. भाषणात जो सिद्धान्त म्हणून आला, तो कादंबरीत घोड्यावर बसून आला.

५

मग उरलेल्या कादंबऱ्यांचे काय? येथे समीक्षेने दाक्षिण्य दाखवण्याचे कारण नाही. ‘वारणेचा वाघ’मधील सत्तू भोसले हा फकिराचा समानधर्मी आहे, ती कादंबरी वाचनीय आहे, पण तिच्यात साहसाचा आलेख आहे आणि ‘फकिरा’तील उलटापालट क्षीण झाली आहे. इतर अनेक कादंबऱ्यांत खलपुरुष एकरंगी आहेत, शेवट घाईने गुंडाळलेले आहेत, संवाद भाषणांकडे झुकतात. निर्वाहासाठी भराभर लिहावे लागणे हे याचे एक कारण. गिरणगावातला, अक्षरओळख नुकतीच झालेला वाचक त्या काळात मोठ्या संख्येने तयार होत होता. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा याच काळात घरोघर पोचल्या होत्या. या वाचकाला पुस्तक पटपट हवे होते आणि लेखकाला मोबदला लवकर हवा होता. पण आर्थिक कारण पुरेसे नाही. ते घाईचा खुलासा करते, साच्याचा करीत नाही.

साच्याचा खुलासा मौखिक परंपरेत शोधण्याची आपल्याकडे आता रीत पडली आहे. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की मौखिक संस्कृतीची स्मृती भव्य, ठळक, द्वंद्वात उभ्या असलेल्या व्यक्तिरेखांच्या आधारे टिकते; पुनरुक्ती तेथे दोष नसून आधार असतो. अण्णा भाऊंच्या कादंबऱ्यांतील अतिशयोक्त उपमा, ठळक सज्जन-दुर्जन, आधीच ठाऊक असलेला शेवट, या गोष्टी पोवाड्याकडून आल्या आहेत, हे म्हणणे बरोबर आहे. पोवाडा ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो. तो ‘काय झाले’ यासाठी नव्हे, तर ‘कसे झाले’ यासाठी ऐकतो. परंतु उगम दाखवणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. देशीयतेच्या नावाखाली आपण अनेकदा हा घोटाळा करतो.

फडात साचा असतो हे खरे. पण तेथे तो रोज मोडला जातो. समोरचा श्रोता जांभई देतो, शेरा मारतो, टाळी देतो, आणि शाहीर त्या क्षणी रचनेत बदल करतो. याहून महत्त्वाचा तेथे सोंगाड्या असतो. राजाच्या शेजारी उभा राहून राजाची टर उडवणे हे त्याचे काम. वगातील थोर गोष्ट सोंगाड्याच्या तोंडून गेल्याशिवाय प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही, आणि तेवढ्या प्रवासात तिचा पोकळपणा गळून पडतो. अण्णा भाऊंच्या वगांतील राजकीय उपहास जिवंत वाटतो तो या हजरजबाबी उपद्व्यापामुळे. कादंबरीत पोवाड्याचा नायक आला, वगाचा संघर्ष आला, लावणीची नायिका आली. सोंगाड्या मात्र मागे राहिला. नायकाच्या शौर्याला, नायिकेच्या शीलाला, लेखकाच्या भाषणाला तिरकस प्रश्न विचारणारा कोणी त्या पृष्ठांवर उरला नाही. छापील पानाला जांभई ऐकू येत नाही. साचा तेथे गोठतो. अण्णा भाऊंच्या दुय्यम कादंबऱ्यांचे अपयश मौखिकतेच्या अतिरेकाचे नाही. मौखिकतेचा अर्धाच भाग छपाईत आला, याचे ते अपयश आहे.

‘फकिरा’ या संकटातून निभावते, कारण तेथे सोंगाड्याचे काम हजेरीने केले आहे. नायक कितीही भव्य झाला तरी त्याला नाव पुकारल्यावर उभे राहावे लागते, हे वास्तव त्या भव्यतेला सतत जमिनीवर आणत राहते.

६

कथेचा विचार येथे अपरिहार्य होतो. कथा फडासाठी नव्हती आणि कादंबरीइतका मोबदलाही देणारी नव्हती. त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब तिच्यावर कमी होता. ‘बरबाद्या कंजारी’, ‘सापळा’, ‘स्मशानातील सोनं’ या कथा वाचताना हे सैलपण जाणवते. त्यांपैकी ‘स्मशानातील सोनं’ ही कथा प्रकारांच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे, कारण तिची सगळी सामग्री भयकथेची आहे. काळी रात्र, स्मशान, कोल्ह्यांची झुंड, उकरले जाणारे प्रेत, मृताच्या जबड्यात अडकलेली बोटे, यांतले काहीही नारायण धारपांच्या पानांवर परके वाटले नसते.

वारणाकाठाहून मुंबईत आलेला भीमा उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. भुकेच्या दिवसांत त्याला स्मशानातील राखेत सोन्याचा कण सापडतो, आणि मृतांच्या राखेतून सोने चाळणे हा त्याचा धंदा होतो. एका रात्री नुकत्याच पुरलेल्या सधन माणसाच्या प्रेतापाशी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. सोन्यासाठी मृताच्या तोंडात घातलेली त्याची बोटे जबड्यात अडकतात आणि कायमची निकामी होतात. त्याच सुमारास बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

भयकथेत भय अलौकिकाचे असते, आणि कथा संपताना ते एक तर सिद्ध होते किंवा निरस्त होते. येथे भूत नाही, आणि नाही याचा दिलासाही नाही. भीमाला मुळात भुताची भीती वाटतच नाही. त्याला भूक माहीत आहे. वाचकाला मात्र भयकथेच्या सवयीने भीती वाटत राहते. वाचकाची भीती आणि भीमाची भीती यांच्यामधील या अंतरात कथेचा सामाजिक आशय आहे. तो कोणीही बोलून दाखवीत नाही. कोल्ह्यांशी झुंजणारा भीमा हा बळाने फकिराच्याच जातकुळीचा आहे. पण त्याच्या शौर्याला येथे वाटून द्यायला धान्य नाही, गायला शाहीर नाही. पराक्रम तोच, त्याचे फळ मात्र दोन निकामी बोटे. आणि खाण सुरू होण्याची वेळ पाहिली, की वाटते, कादंबरीतून हरवलेला सोंगाड्या येथे परत आला आहे. ज्या हातांची खाणीला गरज आहे ते हात गेल्यावर काम परत येते, हा त्याचाच क्रूर विनोद आहे. फक्त हसायला समोर कोणी नाही. साहसकथेचा नायक भयकथेच्या अंधारात उभा करून अण्णा भाऊंनी दोन्ही लोकप्रिय प्रकारांकडून जे वसूल केले, ते त्यांच्या कोणत्याही दुय्यम कादंबरीत दिसत नाही.

७

१९६१ साली अण्णा भाऊ सोव्हिएत संघाच्या प्रवासाला गेले, आणि त्यातून ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक आले. ज्या देशातील लढाईवर त्यांनी न पाहता पोवाडा रचला होता, तो देश सुमारे अठरा वर्षांनी त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पोवाड्यातला ‘आम्ही’ येथे ‘मी’ झाला आहे. हा ‘मी’ भारावलेला आहे, पुस्तकातील चिकित्सा तोकडी आहे. पण नवख्या मुलखात गोंधळणारा, संकोचणारा, स्वतःकडे मिस्कीलपणे पाहणारा निवेदक अण्णा भाऊंच्या लेखनात इतका मोकळा अन्यत्र क्वचितच भेटतो. त्याच वर्षी ‘वैजयंता’वरील चित्रपट आला, १९६३ मध्ये ‘फकिरा’, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७० मध्ये ‘वारणेचा वाघ’. फडावरून पुस्तकात गेलेली सामग्री पडद्याच्या वाटेने पुन्हा मैदानात आली. गावोगावच्या जत्रांत तंबूमध्ये हे चित्रपट पाहणाऱ्यांपैकी कित्येकांनी कादंबरी वाचलेली नसणार. त्यांच्या दृष्टीने अण्णा भाऊ पुन्हा शाहीरच झाले.

हे वर्तुळ पूर्ण झाले म्हणून ‘लोकशाहीर’ हे बिरूद टिकले, असे म्हणता येईल. ते सन्मानाचे आहे यात शंका नाही. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, २०२० मध्ये जन्मशताब्दी झाली. पुतळे, चौक, अध्यासने यांची वाण उरलेली नाही. परंतु लोकाचा शाहीर म्हटले, की लेखनातील निवड, तडजोड, चूक आणि कारागिरी यांची जबाबदारी ‘लोका’वर ढकलली जाते. लेखक उरत नाही, परंपरेचा वाहक तेवढा उरतो. दलित लेखकाला ‘वाहक’ म्हणून गौरवणे आणि कारागीर म्हणून न वाचणे, हाही एक प्रकारचा गावकुसाबाहेर ठेवण्याचाच व्यवहार आहे.

म्हणून त्यांच्या दुय्यम कादंबऱ्यांना दुय्यम म्हणणे हे त्यांच्यावर अन्याय करणे नव्हे. कोठे साचा हाती लागला, कोठे साच्यात हात अडकला, हे पानापानावर दाखवून देणे हाच त्यांना लेखक म्हणून मिळावयाचा मान आहे. १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांच्या निवडक वाङ्मयाचा खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून विविध प्रकारांतील लेखन एका जागी ठेवून वाचण्याची सोय झाली आहे. पदव्युत्तर वर्गात मात्र अजूनही ‘फकिरा’ एका प्रश्नपत्रिकेत असते आणि वग दुसऱ्या. निदान एखाद्या तासाला ‘अकलेची गोष्ट’, ‘वारणेचा वाघ’ आणि ‘स्मशानातील सोनं’ ही तीन पुस्तके एकाच बाकावर उघडून ठेवावीत, आणि सोंगाड्या कोठे आहे, एवढेच विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. बाकीचे प्रश्न त्यांना आपोआप पडू लागतील.